गोव्यात एसीचा ठेका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोघांसाठी आहे: आयटीआय करून स्वतःचा धंदा काढू पाहणाऱ्यांसाठी, आणि दोन-चार पोरे हाताशी घेऊन आधीच काम करणाऱ्यांसाठी. गोव्यातला एसी उन्हाने फारसा बिघडत नाही. त्याला खातात ते खारे वारे, दमट हवा आणि विजेचे चढउतार. म्हणून गॅस भरण्यापेक्षा ड्रेन, अर्थिंग आणि नटबोल्ट यांवरच इथे जास्त लिहिले आहे.

एसीच्या कामाला लायसन्स लागते का? नेमके कोणते?

'एसी कॉन्ट्रॅक्टर' असे एकच लायसन्स आपल्याकडे नाही. कामाचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा कागद वेगळा.

सगळ्यात महत्त्वाचा तुकडा विजेचा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांप्रमाणे नवी वायरिंग, वाढीव वायरिंग किंवा फेरबदल हे काम लायसन्सधारी वीज कंत्राटदारानेच करायचे असते. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर लागतो आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे वायरमनचे परमिट लागते. दिवे, पंखे, स्विच किंवा घरगुती उपकरण त्याच क्षमतेने बदलणे एवढ्याला सूट आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा: भिंतीवर एसीचा पॉइंट तयार असेल आणि तुम्ही जुना दीड टनाचा काढून नवा दीड टनाचा लावत असाल, तर अडचण नाही. डीबीपासून (घरातल्या वीज वितरण बोर्डापासून) नवी लाइन ओढायची असेल, तर लायसन्सवाल्याची सही हवी. गोव्यात ही लायसन्से वीज खात्यातर्फे मिळतात.

ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याने एखाद्या वीज कंत्राटदाराशी कायमचे बांधून घ्यावे आणि त्याचे बिल ग्राहकाला वेगळे दाखवावे. सही उसनी घेऊन काम भलत्यानेच करायचे, ही पद्धत आग लागेपर्यंत चालते. त्यानंतर विम्यावाला पहिला कागद तोच मागतो.

आयटीआयचे सर्टिफिकेट पुरेसे आहे का?

रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर पाया पक्का आहे. कंपनीची सर्व्हिस फ्रँचायझी घेताना आणि सरकारी कामाला हे सर्टिफिकेट मागतात. त्यात कमी पडते ते इन्व्हर्टर पीसीबीचे (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाचे) निदान आणि ज्वलनशील गॅसची हाताळणी. या दोन्हींचे छोटे वर्ग कंपन्या घेतात, ते सोडू नयेत.

धंद्याचे बाकी कागद कोणते?

दुकान किंवा गोदाम असेल तर पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा व्यवसाय परवाना, पणजीत महानगरपालिकेचा. शॉप ॲक्टखाली नोंदणी. इथे तो कायदा १९७३ चा, गोवा, दमण आणि दीव यांच्या नावाने आहे. उद्यम नोंदणी फुकट असते, करून टाकावी.

जीएसटीची मर्यादा पुष्कळांना चुकीची माहीत असते. ४० लाख ही मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांची. तुम्ही माल विकता आणि फिटिंगही करता, म्हणून तुमची २० लाख. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, सेवेवर १८ होताच; त्यामुळे मशीन आणि मजुरीचे दर वेगळे मांडायची जुनी कटकट गेली. हॉटेल किंवा कंपनीचे काम घेतलेत तर बिलातून टीडीएस कापला जातो, एकट्याच्या नावावर धंदा असेल तर १ टक्का. तो परत मिळवायचा तर रिटर्न भरावेच लागते. दहा माणसे झाली की ईएसआय, वीस झाली की पीएफ.

कोटेशन देण्याआधी साइटवर काय पाहायचे?

मीटर आणि मंजूर लोड आधी, खोली नंतर. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात साधारण १.६ किलोवॅट घेतो. तीन एसी, दोन किलोवॅटचा गिझर आणि विहिरीवरचा पंप एकदम चालले तर जुन्या सिंगल फेज जोडणीचा निभाव लागत नाही. लोड वाढवायचा अर्ज ग्राहकाने वीज खात्याकडे करायचा असतो; सोबत लायसन्सधारी कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. हे कोटेशनमध्येच लिहा, नाहीतर एसी लटकलेला आणि फ्यूज उडतोय, अशा अवस्थेत पैसे अडकतात.

प्रत्येक एसीला डीबीतून स्वतंत्र लाइन द्या: दीड टनाला ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपियरचा सी-कर्व्ह एमसीबी (जादा करंट आला की तोडणारा स्विच), वर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा). अडीच चौरस मिमीवरही चालतो, पण लांब ओढलेल्या लाइनवर मे महिन्यात व्होल्टेज आधीच कमी असते आणि वायरमध्ये आणखी दोन-चार व्होल्ट जातात.

दिवाडी किंवा चोडणसारख्या ठिकाणी फेरीबोटीची वाट धरून वेळ मोजा. एक विसरलेला फ्लेअर नट (नळीचे पसरवलेले तोंड युनिटला आवळणारा नट) अर्धा दिवस खातो.

किती टनाचा एसी सुचवायचा?

१ टन म्हणजे ३.५ किलोवॅट उष्णता उपसणे. मधल्या मजल्यावरची १०×१२ ची खोली १ टनात होते. वरचा मजला, तापलेला स्लॅब किंवा पश्चिमेची भिंत असेल तर दीड.

जुन्या कौलारू घरांचा हिशेब वेगळा. तिथे लोक उंचीला घाबरतात, पण उंचीने तितका फरक पडत नाही; फरक पडतो तो कौलांच्या फटींतून आत येणाऱ्या हवेने. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते) २५ अंशांच्या आसपास असतो, आणि ती हवा सतत आत येत राहिली तर दोन टनाचा एसीही नुसते पाणीच गाळत बसतो. अशा घरात आधी फॉल्स सीलिंग, त्यावर ५० मिमी रॉकवूल, दारांना रबरी पट्टी, आणि मग एसी. ग्राहक सीलिंगला तयार नसेल तर काम सोडलेले बरे.

मुद्दाम मोठा एसी देऊ नका. मोठा एसी खोली पटकन २४ अंशांवर आणतो आणि मंद होतो. कॉइल पुरेशी गार राहत नाही, आर्द्रता तशीच उरते. चादर दमट लागते म्हणून येणाऱ्या तक्रारींत असे बरेच एसी सापडतात.

चिऱ्याच्या भिंतीवर आउटडोअर कसा टांगायचा?

चिरा म्हणजे जांभा दगड, मऊ आणि सच्छिद्र. एक्स्पान्शन अँकर आवळला की दगड आतून फुटतो. त्या दिवशी घट्ट वाटतो, सहा महिन्यांच्या थरथरीने सैल होतो. दीड टनाचा आउटडोअर २५ ते ३५ किलोचा असतो, आणि खाली बहुधा कोणाची तरी स्कूटर असते.

भिंत आरपार भोका. १० मिमीचा स्टेनलेस थ्रेडेड रॉड, आतल्या बाजूला १०० मिमी चौरस, ५ मिमी जाड पत्रा, मग नट. आतून पत्रा दिसलेला चालत नसेल तर जाळीच्या स्लीव्हसकट केमिकल अँकर, आणि तो सुकायचा पूर्ण वेळ द्यायचा. मातीच्या बांधणीच्या जुन्या भिंतीवर काहीच टांगू नका. तिथे जमिनीवर चौथरा घाला, निदान एक फूट उंच, म्हणजे पागोळ्यांचा चिखल कॉइलवर उडणार नाही.

मागे कमीत कमी १० ते १५ सेंटीमीटर आणि समोर ६० ते ७० सेंटीमीटर मोकळे हवे. बिल्डरने दिलेल्या सुबक लूव्हरच्या कपाटात आउटडोअर कोंबला तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि दुपारी ट्रिप होतो. पणजीच्या फोंताइन्हशसारख्या वारसा भागात दर्शनी भिंतीला हात लावण्याआधी परवानगीचे पाहावे लागते. शक्यतो मागच्या अंगणातच जागा शोधा.

किनाऱ्यावर आउटडोअर दोन वर्षांत गंजतो. उपाय काय?

पूर्ण उपाय नाही, आयुष्य वाढवता येते. कांदोळी, मोरजी, कोलवा या पट्ट्यात ग्राहकाला हे तोंडावर सांगावे.

कॉइलमध्ये तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमचे फिन एकमेकांना टेकलेले असतात. त्यात खारट ओल आली की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजते. फिनचा भुगा होतो, नळी शाबूत दिसते, पण उष्णता बाहेर पडत नाही. कंप्रेसर जास्त दाबावर धावतो आणि शेवटी जातो. ग्राहकाच्या लेखी 'कंप्रेसर खराब निघाला'.

जागा निवडताना नैऋत्येचा वारा थेट अंगावर येणार नाही अशी बाजू घ्या. पूर्वेची भिंत किंवा घराच्या आडोशाचा कोपरा. स्टँड पावडर कोटिंगचा नको, कोटिंगला एक चरा पडला की आतून पापुद्रे सुटतात. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड घ्या, समुद्रासमोर स्टेनलेस ३१६. ३०४ वर किनाऱ्यालगत तांबूस डाग येतात. चार-पाच किलोमीटर आत तो ठीक. स्टेनलेसच्या बोल्टला साधा झिंकचा वॉशर लावू नका, पहिला तोच विरघळतो.

आणि धुणे. साध्या गोड्या पाण्याने, महिन्यातून एकदा, समुद्रासमोर पंधरा दिवसांनी. मेन बंद, पीसीबीचा भाग झाकलेला, पाण्याचा दाब हलका, शक्य असेल तर आतून बाहेर. ॲसिडने धुऊ नका. फेस येतो, कॉइल चकचकीत होते, ग्राहक खूश होतो, आणि फिनवरचे संरक्षक कोटिंग त्या फेसाबरोबर वाहून जाते.

पाइप आणि फ्लेअरमध्ये नेमके काय चुकते?

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १ टनाला साधारण दोन सूत आणि तीन सूत, दीड टनाला दोन सूत आणि चार सूत. तरी युनिटचे मॅन्युअल पाहूनच कापा. तांब्याची जाडी ०.८ मिमी मागा. बाजारात ०.५ ची पातळ नळी मिळते, ती आर-३२ च्या (हल्लीच्या एसीतल्या गॅसच्या) दाबावर फ्लेअरच्या मुळाशी चिरते. ॲल्युमिनियमची नळी किनाऱ्यावर वापरूच नये.

फ्लेअर गळण्याची कारणे ठरलेली आहेत: कापल्यावर रीमर (कडा साफ करायचे हत्यार) फिरवला नाही, रीमर फिरवताना नळीचे तोंड वर होते म्हणून कीस आत पडला, नट घालायला विसरून फ्लेअर केला आणि परत कापला, आणि सगळ्यात जास्त वेळा, नट अंदाजाने आवळला. टॉर्क रेंच घ्या. दोन सूताला १४ ते १८ न्यूटन मीटर, तीन सूताला ३४ ते ४२, चार सूताला ४९ ते ६१, पाच सूताला ६८ ते ८२. जास्त आवळलेला नट कमी आवळलेल्यापेक्षा वाईट: तो आज गळत नाही, तोंड पातळ होऊन वर्षाने गळतो.

ब्रेझिंग (तांब्याच्या नळ्या तापवून सांधणे) करताना नळीतून नायट्रोजनची बारीक धार चालू ठेवा. नाहीतर आत काळी खपली धरते, ती सुटून कॅपिलरीत (केसासारख्या बारीक नळीत) किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकते, आणि दोष तुम्ही गॅसमध्ये शोधत बसता.

नायट्रोजन टेस्ट आणि व्हॅक्यूम किती करायचे?

आर-३२ आणि आर-४१०ए च्या लाइनला कोरडा नायट्रोजन ४०० पीएसआयपर्यंत, रेग्युलेटर लावून, टप्प्याटप्प्याने: आधी ५०, मग १५०, मग पूर्ण. प्रत्येक टप्प्यावर साबणपाणी. घरगुती स्प्लिटला अर्धा तास पुरे. व्हीआरएफच्या (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणाऱ्या यंत्रणेच्या) लांब लाइनला २४ तास ठेवा आणि त्या वेळचे तापमानही लिहा, कारण रात्री तापमान उतरले की काटा थोडा उतरतोच. ऑक्सिजन कधीही नाही. तेल आणि दाबातला ऑक्सिजन म्हणजे स्फोट.

मग व्हॅक्यूम. गेजचा काटा उणे ३० वर गेला म्हणजे झाले, असे नाही. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारकाईने मोजणारा) लावून ५०० च्या खाली न्या, पंप अलग करा आणि दहा मिनिटे थांबा. आकडा चढून हजार-दीड हजारावर स्थिरावला तर आत ओल आहे, पुन्हा ओढा. चढतच राहिला तर गळती आहे. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या नळीत ओल असतेच. काम अर्धवट सोडून घरी जाताना तोंडे टेपने नव्हे, टोपीने बंद करा. पंपाचे तेल दुधाळ दिसले की बदला. पावसाळ्यात ते दर चार-पाच कामांना होते.

वेळ वाचवायला 'गॅस सोडून हवा काढणे' हा प्रकार अजून चालतो. आतली ओल तेलात मिसळून आम्ल तयार करते, ते कंप्रेसरच्या वाइंडिंगचा वार्निश खाते. एसी दीड-दोन वर्षे चालतो, म्हणून कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

कोणता गॅस, आणि किती?

वजनाने. दाब पाहून गॅस भरायची सवय आर-२२ च्या काळातली. इन्व्हर्टर एसीत कंप्रेसरचा वेग बदलतो तसा दाब बदलतो, काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. नेमप्लेटवर ग्रॅम लिहिलेले असतात. लाइन लांब असेल तर दोन सूताच्या लिक्विड लाइनला मीटरमागे साधारण १५ ते २० ग्रॅम जादा. नेमका आकडा आणि किती मीटरनंतर, ते मॅन्युअलमध्ये. काटा ५ ग्रॅमच्या अचूकतेचा घ्या.

आर-४१०ए हे दोन गॅसचे मिश्रण, सिलिंडर उलटा करून द्रव रूपातच सोडायचे. आर-३२ एकटा असल्याने कसाही सोडता येतो, पण तो मंद ज्वलनशील आहे. ब्रेझिंगआधी गॅस काढा, नायट्रोजनने लाइन धुवा, खिडक्या उघडा. आर-२९० म्हणजे प्रोपेन. त्याचे हत्यार आणि प्रशिक्षण नसेल तर हात लावू नका.

आर-२२ चे एसी जुन्या हॉटेलांत अजून बरेच आहेत. नवी उपकरणे त्यावर बनवणे भारतात १ जानेवारी २०२५ पासून बंद आहे. दुरुस्तीसाठी गॅस मिळतो, पण त्याचाही कोटा उतरतोय, २०३० नंतर जेमतेम उरेल. अशा एसीची कॉइल गळत असेल तर बदलायचा सल्ला द्या. त्यात स्वयंपाकाचा गॅस भरणारे लोक आहेत. गारवा येतोही. पण ते मशीन ज्वलनशील वायूसाठी बनलेले नाही, रिलेची एक ठिणगी पुरते. दुसऱ्याने काय भरलेय याची खात्री नसलेला एसी उघडताना जवळ ज्योत नको.

पंप डाउनमध्ये कंप्रेसर फुटतो, हे खरे का?

पंप डाउन म्हणजे एसी काढण्याआधी लाइनमधला गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेणे. तो फुटतो हे खरे आहे, आणि कारण समजले तर टाळता येते.

नेहमीची पद्धत: एसी टेस्ट मोडमध्ये चालवा, लिक्विडचा व्हॉल्व्ह बंद करा, सक्शनचा काटा शून्याजवळ येताच सक्शनचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच मेन तोडा. चूक दोन ठिकाणी होते. एक, शून्याच्या खूप खाली जाईपर्यंत चालवत राहणे. दुसरी आणि भयंकर, लाइनमध्ये आधीच गळती असताना पंप डाउन करणे. तेव्हा गळतीतून हवा आत ओढली जाते, पुढे वाट बंद असते, आणि कंप्रेसर ती हवा तेलासकट दाबत राहतो. डिझेल इंजिनात जे होते तेच होते, फक्त इथे सिलिंडर स्फोट सोसायला बांधलेला नसतो. गॅस गळून संपलेल्या एसीवर पंप डाउन करायचा नाही. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढा आणि मग लाइन सोडा.

पावसाळ्यात इनडोअरमधून पाणी का गळते?

दीड टनाचा एसी जुलैत तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी काढतो. उन्हाळ्यात जो ड्रेन कसाबसा चालतो, तो पावसाळ्यात उघडा पडतो.

पाहायचा क्रम: आधी ट्रे आणि ड्रेनचे तोंड. तिथे जेलीसारखा चिकट थर साचतो; ब्लोअरने फुंकून नव्हे, बाहेरून व्हॅक्यूमने ओढून काढा, नाहीतर गोळा पुढे जाऊन वळणात बसतो. मग उतार: मीटरला निदान १० मिमी, मध्ये कुठेही पोट आलेले नको. मग भोक: दीड-दोन फूट जाडीच्या जुन्या भिंतीत ते बाहेरच्या बाजूला उतरतेच हवे. उलटे असेल तर ड्रेनचे पाणी तर येतेच, पावसाचे पाणीही त्यातून आत येते. ड्रेनचे बाहेरचे टोक बादलीत किंवा गटारात बुडालेले नको. त्याला बारीक जाळी बांधा. बंद घरांत कुंभारमाशी तिथे मातीचे घर करते.

हे सगळे ठीक असूनही थेंब पडत असतील तर ते ड्रेनचे नव्हे, दवाचे आहेत. ९ मिमीचे इन्सुलेशन आपल्या हवेला अपुरे. १३ मिमी नायट्राइल रबर लावा, फॉल्स सीलिंगच्या वर १९. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या गुंडाळा, सांधे चिकटवा, नुसती टेप नको. टेप इतकी आवळून गुंडाळतात की रबर चपटे होते, आणि चपट्या रबरात अडवायला हवाच उरत नाही.

जुलैत 'एसी गार करत नाही' म्हणून बोलावतात, पण गॅस बरोबर निघतो. काय सांगायचे?

उन्हाळ्यात आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत १० ते १२ अंशांचा फरक मिळतो. पावसाळ्यात तो ८ वर आला तरी एसी निरोगी असू शकतो, कारण त्याची बरीच ताकद वाफेचे पाणी करण्यात जाते. गॅस जादा भरून हा फरक वाढत नाही. फिल्टर पाहा, ब्लोअरच्या पात्यांवरची काळी बुरशी पाहा, आणि बाथरूमचे दार उघडे असते का ते विचारा.

नवीन फ्लॅट, नवा एसी, तरी वर्षाच्या आत इनडोअर कॉइल गळते. फिटिंगचा दोष का?

बहुतेक वेळा नाही. नवे प्लायवूड, पॉलिश, चिकटद्रव यांतून फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लाच्या वाफा निघतात. गार, ओल्या तांब्यावर त्या बसतात आणि नळीत वारुळासारखी सूक्ष्म बिळे पाडतात. डोळ्याला भोक दिसत नाही, साबणपाण्यात जेमतेम बुडबुडा येतो. वेल्डिंग करून उपयोग नसतो, शेजारी दुसरे फुटते. कॉइलच बदलावी लागते. सुताराचे काम संपून वास जाईपर्यंत एसी लावू नका. लावलाच असेल तर खिडक्या बंद करून पॉलिश सुकवायला तो चालवू देऊ नका.

पीसीबी वारंवार जळतो. स्टॅबिलायझर लावला की झाले का?

इन्व्हर्टर एसीची व्होल्टेजची मर्यादा बरीच मोठी असते, स्टॅबिलायझर नसला तरी चालते. पण मे महिन्यात आणि ऑक्टोबरात गडगडाट होतो तेव्हा जो झटका येतो, तो स्टॅबिलायझरला कळायच्या आत पुढे गेलेला असतो. त्याला डीबीत टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर लागतो, आणि त्याची अर्थची वायर अर्ध्या मीटरच्या आत.

अर्थच नसेल तर सर्ज प्रोटेक्टर शोभेचा. जांभ्यात पाणी टिकत नाही. पावसात चांगली दाखवणारी अर्थिंग एप्रिलमध्ये कोरडी पडते. म्हणून मोजायची ती उन्हाळ्यात. ५ ओहमच्या आत आणा; कातळ असेल तर केमिकल अर्थिंग, आणि किनाऱ्यावर जीआयची पट्टी नको, तांब्याची. लोडवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आधी ते शोधा. अर्थ मिळत नाही म्हणून न्यूट्रलच बॉडीला जोडणे हा गुन्हा समजा. न्यूट्रल तुटला की आउटडोअरच्या पत्र्यात २३० व्होल्ट.

उरलेले पीसीबी पाली आणि मुंग्यांमुळे जातात. केबलच्या भोकांना पुटी लावा. दोन मिनिटांचे काम आहे.

हीटिंगचे काम गोव्यात असते का?

खोली गरम करायचे नाही, पाणी गरम करायचे भरपूर. घरांत गिझर, आपल्या विहिरींचे पाणी बहुतेक मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, ते टाकी खाते. मॅग्नेशियमचा अॅनोड वर्षाला काढून पाहा, पेन्सिलीएवढा उरला की बदला. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लग मारलेला दिसला तर पाणी गरम करणे तिथेच थांबवा.

हॉटेलांना हीट पंप सुचवा. १००० लिटर पाणी २७ वरून ५५ अंशांवर न्यायला हीटरला सुमारे ३३ युनिट लागतात; आपली हवा क्वचितच फार गार होते, त्यामुळे हीट पंप तेच काम १० ते ११ युनिटांत करतो. शिवाय त्याच्या तोंडातून निघणारी गार हवा लाँड्रीकडे वळवता येते.

मालीम किंवा कुटबणच्या जेट्टीजवळ बर्फाच्या कारखान्याचे काम आले तर घ्यावे का?

अमोनियाचा प्लांट असेल तर नको. अमोनिया तांबे खातो, सगळी पाइपिंग लोखंडाची असते, आणि गळतीत श्वास कोंडतो. तो वेगळा धंदा आहे. फ्रिऑनवरची छोटी कोल्ड रूम घ्या; तिथे दाराचे हीटर आणि डीफ्रॉस्ट टायमर आधी पाहा.

एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) काय लिहावे?

वर्षाला चार फेऱ्या: मेअखेर, चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी), डिसेंबरच्या गर्दीआधी आणि मार्चमध्ये. शॅकचा (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलांचा) हंगाम ३१ मेला संपतो, त्यामुळे किनाऱ्यावरची मोठी कामे जूनमध्ये घेता येतात. प्रत्येक फेरीत अँपियर, आत-बाहेरच्या हवेचा फरक आणि ड्रेनमध्ये एक लिटर पाणी ओतून पाहणे, हे कार्डावर लिहा. गंजाने गेलेली कॉइल आणि विजेने गेलेला पीसीबी सुट्या भागांच्या करारात धरता की नाही, हे ठळक लिहा. सगळे वाद इथेच होतात. मालक दिल्ली-मुंबईत आणि व्हिला भाड्याने, असे असेल तर बिलाला कोण हो म्हणणार, त्या माणसाचे नाव आधीच करारात घ्या.

चवथीच्या आठवड्यात एवढे फोन का येतात?

वर्षभर बंद असलेली गावची घरे त्या दोन दिवसांत उघडतात. एसी एकदम चालू होतात, वाड्याचे (वस्तीचे) व्होल्टेज खाली येते, ड्रेनमध्ये माशीचे घर असते, पीसीबीवर पाल वाळलेली असते. जुन्या ग्राहकांना पंधरा दिवस आधी फोन करून चालवून पाहायला सांगा. त्या आठवड्यासाठी ३५ आणि ५० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, ड्रेन पाइप आणि फॅन मोटर गाडीत ठेवा. दुकाने बंद असतात.

जुना एसी भंगारात द्यावा का?

गॅस हवेत सोडून नाही. रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढा, क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका, आणि वेगवेगळे गॅस एकाच सिलिंडरमध्ये मिसळू नका. एसी २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली येतो, म्हणून नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे द्या आणि पावती घ्या. कंपन्या आणि मोठी हॉटेले ती पावती आता बिलासोबतच मागतात. फिरत्या भंगारवाल्याला दिलात तर तो तांब्यासाठी नळी तुमच्यासमोरच कुऱ्हाडीने तोडतो.